जुन्या कॅमकॉर्डरच्या कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या? डीव्हीडीचं नंतर पाहू

२०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून, म्हणजे 'टाहो'मधून, अ‍ॅपलनं फायरवायरला, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या एका जुन्या वायर-पद्धतीला, कायमची रजा दिली. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. ज्यांच्या कपाटात मिनीडीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल कॅमकॉर्डरच्या, कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी मात्र ती मोठी बातमी होती, कारण त्या कॅसेटमधलं चित्रण जसंच्या तसं कॉम्प्युटरवर आणायचा सरळ रस्ता फायरवायरवरूनच जातो. तो अजून पुरता बंद झालेला नाही, पण अरुंद होत चाललाय.

यंत्रांचंही तेच. फुनाई ही जपानी कंपनी घरगुती व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी होती. तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सोनीनं बीटामॅक्स या आपल्या जुन्या व्हिडिओ पद्धतीच्या कॅसेट बनवणं बंद केलं. युनेस्कोनं २०१९ मध्ये चुंबकीय टेपांबद्दल जगभर इशारा दिला आणि त्यात २०२५ ची मुदत धरली. तोवर डिजिटल प्रती झाल्या नाहीत तर बराच ठेवा कायमचा हातचा जाईल, असं त्याचं म्हणणं. २०२५ आलं म्हणून टेपा एका रात्रीत कोऱ्या झाल्या नाहीत. इशाऱ्याचा खरा रोख टेपांइतकाच त्या वाजवणाऱ्या यंत्रांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर होता. टेप तीस वर्षं टिकते. ती वाचणारा चालू स्थितीतला कॅमेरा मिळणं जास्त अवघड.

एवढं असूनही लोक विचारतात ते हेच: "याची डीव्हीडी कशी करायची?" प्रश्न चुकीचा नाही, पण मधली पायरी गाळून विचारलेला आहे. टेपेतलं चित्रण चांगल्या प्रतीच्या फाइलमध्ये उतरवणं हे खरं काम. ते नीट झालं की डीव्हीडी करा, मोबाइलवर पाठवा, टीव्हीवर लावा, काय हवं ते करा. ते बिघडलं तर पुढं कितीही कारागिरी केली तरी उपयोग नाही.

## हातातली कॅसेट कुठल्या जातीची?

घरगुती कॅमकॉर्डरच्या कॅसेट मोजक्याच प्रकारच्या आहेत. सगळ्यात थोराड ती व्हीएचएस. तिचंच लहान रूप व्हीएचएस-सी, जी एका अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरमध्ये लावता येते. मग ८ मिलिमीटरचं घराणं: व्हिडिओ-८, हाय-८ आणि १९९९ मध्ये आलेलं डिजिटल-८. सगळ्यात लहान मिनीडीव्ही, जी १९९५ पासून चालू झाली.

घोळ होतो तो ८ मिलिमीटरच्या घराण्यात. तिन्हींची कॅसेट दिसायला सारखीच, आणि डिजिटल-८ चे कॅमेरे हाय-८ च्याच कॅसेटवर रेकॉर्ड करायचे. त्यामुळे कॅसेटवर 'हाय-८' छापलंय म्हणून आत हाय-८ च असेल असं नाही. कुठल्या कॅमेऱ्यानं रेकॉर्ड केलं ते आठवलं तर उत्तम. नाही आठवलं, तर डिजिटल-८ च्या कॅमेऱ्यात लावून पाहणं हाच इलाज, कारण सोनीचे काही डिजिटल-८ कॅमेरे जुन्या दोन्ही प्रकारच्या टेपाही वाजवतात. तसा एक कॅमेरा कुणाकडे मिळाला तर या घराण्याचा जवळजवळ सगळा प्रश्न सुटला. तो का, ते पुढं येईलच.

ही ओळखपरेड करायची ती एका गोष्टीसाठी: टेप अ‍ॅनालॉग आहे की डिजिटल? व्हीएचएस, व्हीएचएस-सी, व्हिडिओ-८ आणि हाय-८ या अ‍ॅनालॉग. डिजिटल-८ आणि मिनीडीव्ही या डिजिटल. दोन्हींची कामं वेगळी, वायरी वेगळ्या, अडचणीही वेगळ्या.

## दोन्हींत फरक काय?

समजा, समोर एक कागद आहे आणि त्याची हुबेहूब प्रत करायची आहे. कागदावर चित्र असेल तर ते गिरवावं लागेल. हात कितीही सराईत असला तरी रेष थोडी हलणार, आणि गिरवलेलं पुन्हा गिरवलं तर आणखी हलणार. कागदावर मजकूर असेल तर तो उतरवून काढायचा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी 'क' हा 'क'च राहतो आणि दहावी प्रतही पहिलीसारखीच वाचता येते.

अ‍ॅनालॉग टेपेवर चित्र आहे, डिजिटल टेपेवर मजकूर. मिनीडीव्हीच्या फितीवर आकडे लिहिलेले असतात. कॅमेरा ते वाचतो, फायरवायरमधून कॉम्प्युटरकडे पाठवतो आणि कॉम्प्युटर ते जसेच्या तसे फाइलमध्ये ठेवतो. यात दर्जा कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. व्हीएचएसमध्ये मात्र चढउतार होणारा विजेचा संकेत बाहेर येतो आणि त्याचे आकडे करायचं काम मधल्या कुठल्या तरी डबीला करावं लागतं. गिरवणारा हात जितका चांगला, तितकी प्रत चांगली.

एक मात्र ध्यानात ठेवा. मजकूर उतरवताना मधला शब्द पुसलेला निघाला तर काय? डिजिटल टेपेवर आकडे वाचता आले नाहीत की कॅमेरा मागच्या फ्रेममधला तुकडा आणून तिथं चिकटवतो. बोलणाऱ्या माणसाच्या गालावर मधूनच चौकोनी ठिगळ दिसतं ते त्यामुळं. अ‍ॅनालॉग टेप खराब झाली की चित्र हळूहळू मळतं, डिजिटल टेप एकदम फाटते.

## एक तासाच्या टेपेला एक तास का लागतो?

"पेन ड्राइव्हवरून पाच मिनिटांत कॉपी होतं, मग हे का नाही?" हा रास्त प्रश्न आहे. टेपेवर फाइल नसते हे त्याचं उत्तर.

मिनीडीव्हीची फीत ६.३५ मिलिमीटर रुंद असते. कॅमेऱ्यात एक छोटा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेत फिरतो आणि त्याच्या कडेला बसवलेली दोन हेड, म्हणजे लिहिणारी-वाचणारी टोकं, फितीवर तिरके पट्टे ओढत जातात. एक पट्टा फक्त १० मायक्रॉन रुंद. 'पाल' या भारतातल्या टीव्ही पद्धतीत एका फ्रेमसाठी असे १२ पट्टे, सेकंदाला २५ फ्रेम. वाचताना हेडला नेमक्या त्याच पट्ट्यांवरून, त्याच कोनात, त्याच वेगानं जावं लागतं. वेग वाढवून कॉपी करायची सोय घरगुती कॅमेऱ्यांत नाही. तासाची टेप तासभर चालवावी लागते आणि तेवढा वेळ कॉम्प्युटरला दुसरं जड काम न देणं बरं.

हे पट्टे डोळ्यांपुढं आणले की बरीच कोडी सुटतात. कॅमेऱ्यात 'एलपी' नावाची सोय असायची, ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावायची. ती कशी? पट्टे आणखी अरुंद करून, १० ऐवजी ६.७ मायक्रॉन. ज्या कॅमेऱ्यानं ते ओढले त्याच्या हेडला ते बरोबर सापडतात, दुसऱ्या कॅमेऱ्याची बैठक केसाएवढी वेगळी असली तरी तो चाचपडतो. म्हणून एलपीवर रेकॉर्ड केलेली कॅसेट शक्यतो मूळ कॅमेऱ्यातच लावावी. तो कॅमेरा आज चालू असेल तर त्या कॅसेट रांगेत सगळ्यांत पुढं घ्या.

दुसरं कोडं असं. चित्र चालू आहे, पण त्यात आडवे पट्टे दिसतात. एका पट्ट्यातलं चित्र हलतं, त्याच्या खालच्यातलं गोठलेलं, पुन्हा त्याखालचं हलतं. टेप गेली असं समजून माणूस हात टेकतो. खरं तर दोन हेडपैकी एक मळलंय आणि निम्मेच पट्टे वाचले जातायत. सफाईची कोरडी कॅसेट मिळते ती तिच्यावर लिहिलं असेल तितकेच सेकंद चालवायची. बहुतेक वेळा चित्र परत येतं. ही कॅसेट फीत घासूनच सफाई करते, तेव्हा हौस म्हणून वरचेवर लावू नये.

## वायर: खरी डोकेदुखी

कॉम्प्युटरच्या प्रोग्रामपेक्षा वायरीनं जास्त लोकांना दमवलंय.

फायरवायर, आयईईई १३९४, आय-लिंक आणि कॅमेऱ्यावर नुसतं 'डीव्ही' लिहिलेलं छोटं छिद्र, ही सगळी एकाच गोष्टीची नावं. आय-लिंक हे सोनीनं ठेवलेलं. कॅमेऱ्याकडचं टोक चार पिनांचं, बारीक. कॉम्प्युटरकडचं सहा पिनांचं, थोडं मोठं; काही जुन्या लॅपटॉपवर तिथंही चार पिनांचंच.

"पण माझ्या कॅमेऱ्याला यूएसबी आहे की!" असतं, आणि तिथंच फसगत होते. मिनीडीव्हीच्या बहुतेक कॅमेऱ्यांवरचं यूएसबी मेमरी कार्डावरचे फोटो काढून घेण्यासाठी किंवा कॅमेरा वेबकॅमसारखा वापरण्यासाठी दिलेलं असतं. त्यातून व्हिडिओ आलाच तर बारका, धूसर येतो. टेपेवरचा मूळ मजकूर त्यातून येत नाही.

त्याहून वाईट सापळा म्हणजे एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी असलेली स्वस्त वायर. ती सगळीकडे विकायला असते, दिसते अगदी हवी तशी, आणि या कामाला तिचा काडीचा उपयोग नाही. फायरवायर आणि यूएसबी यांची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे. मध्ये दुभाषी चिप नसेल तर नुसती टोकं जुळवून काही होत नाही. वायर लावली, कॉम्प्युटरनं कॅमेरा ओळखला नाही, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी वायर पाहा.

मग करायचं काय? डेस्कटॉप असेल तर त्यात बसणारं फायरवायर कार्ड मिळतं, आणि विंडोजमध्ये अजून ते चालतं. कधी कधी त्यासाठी जुना, 'लेगसी' नावाचा ड्रायव्हर निवडावा लागतो. लिनक्समध्येही फायरवायर चालतं. मॅकवर थंडरबोल्टच्या नव्या छिद्रापासून जुन्या थंडरबोल्टकडे, तिथून फायरवायर ८०० कडे आणि तिथून ४०० कडे अशी अ‍ॅडॉप्टरांची आगगाडी जोडावी लागते. ती चालते, पण टाहोच्या आधीच्या मॅकओएसवर. यातलं काही जमणार नसेल तर माझं सरळ मत आहे: फायरवायर असलेला एखादा जुना लॅपटॉप शोधा. जो भंगारात काढायचा विचार चाललाय, तोच या कामाला सगळ्यांत लायक निघतो. तो इंटरनेटला जोडायचीही गरज नाही, फाइल झाली की बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची.

सहा पिनांच्या वायरीतून वीजही वाहते. घाईत ती उलटी घुसवली किंवा कॅमेरा चालू असताना काढघाल केली तर कॅमेऱ्याचं डीव्ही पोर्ट जळू शकतं, आणि ते जळलं की कॅमेरा या कामातून बाद. जोडताना आणि काढताना कॅमेरा बंद ठेवावा.

## अ‍ॅनालॉग टेपा असतील तर

इथं गिरवणारा हात निवडायचा आहे. सर्रास मिळणारं साधन म्हणजे यूएसबीला लावायची छोटी कॅप्चर डबी, जिच्यात पिवळी, पांढरी आणि लाल पिन जाते. पिवळ्यातून चित्र, उरलेल्या दोनांतून आवाज. कॅमेऱ्याला आणि डबीला दोन्हींना एस-व्हिडिओचं गोल छिद्र असेल तर पिवळ्याऐवजी ते वापरा. त्यात उजेडाचा आणि रंगाचा संकेत वेगवेगळ्या तारांतून येतो, त्यामुळे कडांवर रंगाची जाळी दिसत नाही. हाय-८ वर हा फरक डोळ्यांना जाणवतो.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे मघाचा डिजिटल-८ कॅमेरा. त्यात व्हिडिओ-८ किंवा हाय-८ टेप लावली की कॅमेरा स्वतःच तिचे आकडे करून फायरवायरमधून देतो. मिनीडीव्हीच्या काही कॅमेऱ्यांना बाहेरचा अ‍ॅनालॉग संकेत आत घेता येतो. व्हीसीआर त्याला जोडायचा आणि कॅमेऱ्याचाच कॅप्चर डबी म्हणून उपयोग करायचा. वाटेतल्या काचेसारखा तो नुसता आरपार सोडतो, आत कॅसेट असायचीही गरज नसते.

व्हीएचएसची फीत ढिली पडली की ओळी डगमगतात, चित्राचा माथा एका बाजूला झुकतो. ते सरळ करणाऱ्या यंत्राला टाइम बेस करेक्टर म्हणतात. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये आणि डिजिटल-८ च्या काही कॅमेऱ्यांत ते आतच असतं. ते नसेल तर एक विचित्र गोष्ट घडू शकते: कॅप्चर डबी घरच्याच टेपेला "ही कॉपी करायला मनाई आहे" असं सांगून थांबते. तिनं डगमगणारा संकेत पाहून ती विकतची, कॉपी-संरक्षण असलेली कॅसेट समजलेली असते. टेप वाईट आहे, तुम्ही चोर नाही.

पिवळ्या पिनेचं एचडीएमआय करून देणाऱ्या स्वस्त डब्यांपासून लांबच राहावं. त्या चित्र ओढूनताणून मोठं करतात, चेहरे रुंद होतात, आणि हालचालीतले बारकावे कायमचे जातात. पडद्यावर '१०८०' लिहून येतं म्हणून चित्र सुधारत नाही.

## कॅसेट आत घालण्याआधी

पहिलं काम कॅसेटच्या पाठीवरच्या खिट्टीचं. मिनीडीव्हीवर ती सरकवून 'सेव्ह'कडे न्यायची. ८ मिलिमीटरवरही तशीच सरकती खिट्टी असते. व्हीएचएसवर प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो, तो तोडायचा. कॅमेरा हाताळताना चुकून लाल बटण दाबलं गेलं तर वीस वर्षांपूर्वीचं मूल पुसून त्या जागी आजच्या टेबलाचा पाय रेकॉर्ड होतो. खिट्टी सरकवलेली असेल तर होत नाही.

मग खिडकीतून फितीची गुंडाळी तिरप्या उजेडात पाहा. कडा काळीभोर, गुळगुळीत दिसली तर ठीक. पांढरी जाळी, ठिपके किंवा पिठूळ वर्तुळं दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालायची नाही, कारण बुरशी हेडला लागते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला देते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यावी.

काही टेपांमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा चिकट थर हवेतला ओलावा शोषून खराब होतो. टेप चालताना कुरकुरते, अडकते. जोर लावून ती पुढं ढकलू नका. इथंही जाणकारच हवा.

बाकी बारीकसारीक. कॅसेट थंड जागेतून आणली असेल तर ती आणि कॅमेरा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि कॅमेरा चालायला नकार देतो. बॅटरीवर विसंबू नका, अ‍ॅडॉप्टर लावा. वर्षानुवर्षं न हललेली फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळून घ्या, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. आणि सुरुवात बिनमहत्त्वाच्या कॅसेटनं करा. कॅमेरा टेप चावणारा आहे का, हे आवडत्या कॅसेटवर शोधून काढू नये.

## प्रत्यक्ष कॅप्चर

कॅमेरा 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' मोडवर ठेवायचा, रेकॉर्डच्या मोडवर नाही. प्रोग्राम उघडला की त्यात कॅमेऱ्याचं नाव दिसतं, आणि फायरवायर असेल तर टेप पुढंमागं करायची बटणं कॉम्प्युटरवरूनच चालतात. माउसनं 'प्ले' दाबलं आणि टेबलावरच्या कॅमेऱ्यात खटकन् आवाज होऊन टेप चालू झाली, की निम्मी लढाई जिंकली समजा.

विंडोजवर विनडीव्ही नावाचा जुना, अगदी छोटा, मोफत प्रोग्राम हे काम बिनतक्रार करतो. लिनक्सवर डीव्हीग्रॅब. टेपा खराब असतील तर डीव्हीरेस्क्यू हे मोफत साधन माहीत असू द्या. ते प्रत्येक फ्रेममध्ये कुठं वाचायचं राहिलं ते दाखवतं, आणि एकच टेप दोन-तीनदा वाचली असेल तर प्रत्येक वेळच्या चांगल्या फ्रेम निवडून एक फाइल जोडून देऊ शकतं. पुसट मजकूर तीनदा वाचून शब्द लावावा, तसंच हे.

तासाभराच्या डीव्ही टेपेची फाइल साधारण १३ जीबी होते. तीस कॅसेट म्हणजे ४०० जीबीच्या आसपास. एकेकाळी हा आकडा ऐकून लोक घाबरायचे आणि जागा वाचवायला लगेच लहान फाइल करायचे. आज तेवढी हार्ड डिस्क किरकोळ झाली, सवय मात्र तशीच राहिली. ही मूळ डीव्ही फाइल लहान करू नका, कापू नका, तिचा रंग सुधारू नका. जे करायचं ते तिच्या प्रतीवर.

डीव्हीमध्ये आणखी एक ठेवा दडलेला असतो. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर प्रत्येक फ्रेमबरोबर चित्रणाची तारीख आणि वेळ नोंदलेली असते, चित्रावर दिसत नसली तरी. डीव्ही फाइल ठेवली तर ती राहते. डीव्हीडी किंवा एमपी४ केली की सहसा गळून जाते.

टेपेवर मध्येच कोरी जागा असेल तर कॅप्चर तिथं थांबतं आणि माणूस समजतो, कॅसेट संपली. संपलेली नसते. फीत हातानं थोडी पुढं घेऊन पाहा. कितीतरी चित्रण अशा कोऱ्या निळ्या पडद्याच्या पलीकडे असतं.

## आता डीव्हीडी

डीव्हीडीवर व्हिडिओ एमपीईजी-२ या पद्धतीनं दाबून बसवतात. साध्या डीव्हीडीची जागा ४.७ जीबी, कॉम्प्युटर तीच ४.३८ दाखवतो, कारण त्याची मोजायची रीत वेगळी, डिस्क खोटी नाही. १३ जीबीचा तास त्यात बसवायचा म्हणजे बराच मजकूर गाळावा लागणार. एका डिस्कवर एक तास ठेवला तर चित्र छान राहतं, दोन तास चालून जातात, त्यापुढं पाणी, पानं, गर्दी असल्या हलत्या दृश्यांत चौकटी दिसायला लागतात. एका डिस्कवर चार कॅसेट कोंबायचा मोह टाळावा.

डीव्हीडी करायची म्हणजे फाइल नुसती डिस्कवर कॉपी करायची असं नाही. तशी केली तर ती डेटा डिस्क होते, आणि टीव्हीखालचा प्लेअर बहुधा ती उघडत नाही. प्लेअरला ठरलेल्या नावांचे फोल्डर आणि ठरलेल्या मांडणीतल्या फाइल लागतात. ही मांडणी करण्याला ऑथरिंग म्हणतात आणि त्यासाठी डीव्हीडीस्टायलरसारखा मोफत प्रोग्राम पुरतो. त्यात मेनू बनतो, प्रकरणं पाडता येतात. शेवटी डिस्क 'फायनलाइज' करायला, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करायला, विसरू नका, नाहीतर ती तुमच्याच कॉम्प्युटरवर चालेल आणि दुसऱ्याकडे नाही.

दोन सेटिंग नीट पाहा. पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत), जी टेप असेल तेच ठेवा. २५ फ्रेमचं २९.९७ करायला गेलं की हालचाल अडखळते. दुसरं, फील्डचा क्रम. टेपेवरची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. डीव्हीमध्ये खालचं अर्धं आधी येतं. प्रोग्रामला उलटं सांगितलं तर चालणारा माणूस थरथरत चाललेला दिसतो. डीव्हीडी पाहताना असं झालं तर टेप किंवा कॅमेरा बिघडलेला नाही, हा एक पर्याय बदलून पुन्हा डिस्क करा.

## "मग डीव्हीडी हवीच कशाला?"

खरं सांगायचं तर गरज कमीच राहिली आहे. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. विंडोज ८ पासून डीव्हीडी पाहायची सोय विंडोजबरोबर आयती येत नाही, व्हीएलसीसारखा प्रोग्राम टाकावा लागतो. घरी राइट केलेल्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हानं, उष्णतेनं खराब होतो. ज्या नातेवाइकांच्या टीव्हीखाली अजून प्लेअर आहे आणि ज्यांना चकती घालून बटण दाबणं एवढंच येतं, त्यांच्यासाठी डीव्हीडीसारखी भेट नाही. साठवणीचं साधन म्हणून मात्र ती धरू नका.

बाकीच्यांना एमपी४ द्या. हँडब्रेक या मोफत प्रोग्रामनं ती करता येते. करताना ती दोन अर्धी चित्रं जुळवायचा पर्याय, डीइंटरलेस, चालू ठेवा आणि पालच्या टेपेला फ्रेमचा वेग ५० ठेवा, म्हणजे हालचाल टेपेसारखीच सफाईदार राहते. चित्राचं प्रमाण टेपेवर असेल तेच, बहुधा ४:३, ठेवा. रुंद टीव्ही भरावा म्हणून ताणलं की सगळे जण एकदम जाड दिसायला लागतात.

## "बाहेरून करून घेतलं तर?"

जरूर घ्या, विशेषतः कॅमेरा बंद पडला असेल तर. पण आधी विचारा: मिनीडीव्हीची मूळ डीव्ही फाइल देणार का? कशानं कॅप्चर करता, फायरवायरनं की पिवळ्या पिनेनं? नुसत्या डीव्हीडी हातात ठेवणाऱ्याला काम देऊ नये. डिजिटल टेप पिवळ्या पिनेतून घेणं म्हणजे मजकुराचा कागद समोर असताना तो चित्रासारखा गिरवत बसणं. असं करणारे आहेत, कारण त्यांना एकच वायर सगळ्याला चालते.

टीव्हीसमोर मोबाइल धरून चित्रण करावं का? कॅमेरा शेवटचे आचके देत असेल आणि दुसरा काहीच मार्ग नसेल तर करा, काही नसण्यापेक्षा बरं. एरवी नको.

यूट्यूबवर टाकून ठेवलं की झालं, असंही अनेकांना वाटतं. तिथं ठेवलेली प्रत पाहायला सोयीची, पण ती पुन्हा दाबून लहान केलेली असते आणि खातं गेलं की तीही गेली. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असू द्या. एआयनं चित्र चकचकीत करणारे प्रोग्रामही वापरून पाहायला हरकत नाही, फक्त प्रतीवर. ते नसलेला तपशील अंदाजानं भरतात, आणि लांबून टिपलेला ओळखीचा चेहरा कधी कधी भलत्याच कुणाचा होऊन येतो.

## टेपा आता टाकून द्याव्यात का?

इतक्यात नको. फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहून झाली, दुसरी प्रत तयार झाली, आवाज चित्राबरोबर चालतो याची खात्री झाली, तरीही जागा असेल तर ठेवा. पुढं एखादा चांगला व्हीसीआर किंवा डिजिटल-८ कॅमेरा हाती आला तर अ‍ॅनालॉग टेपेतून आजच्यापेक्षा चांगली प्रत निघू शकते. ठेवताना फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळून, कॅसेट डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवायची. कोरडी, फार न तापणारी जागा हवी, आणि स्पीकर-मोटर अशा चुंबकवाल्या वस्तू लांब. डबीवर फाइलचं नाव लिहून ठेवा, म्हणजे कुठली झाली आणि कुठली राहिली ते पुन्हा कॅमेऱ्यात घालून पाहावं लागत नाही.